नव्या वसाहतीचे राज्य कोणाचे?

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस सायंकाळी आपले चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरले. तो सोहळा आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी पाहिला. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात भूगोलाचा तास सुरू होतो न होतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उद्या माणसे तेथे कायमची राहावयास गेली, तर तेथला राजा कोण?" वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण इतका मोठा प्रश्न त्या वर्षात कोणी विचारला नव्हता. आम्ही त्या दिवशी फळ्यावर एवढेच लिहिले की, मंगळावर पाचशे माणसांची वसाहत झाली आहे असे समजा आणि तिच्या राज्यकारभाराचे पाच नियम प्रत्येक बाकाने आठ दिवसांत लिहून आणा. त्या आठ दिवसांत मुलांनी आम्हांस जे शिकविले आणि त्यानिमित्ताने आम्ही स्वतः जे धुंडाळले, ते विद्यार्थी व पालक या दोघांपुढेही मांडावे असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम त्या वसाहतीची परिस्थिती नीट ध्यानात घेतली पाहिजे. मंगळावरील हवा अत्यंत विरळ असून ती बहुतेक सर्व कर्बवायूची आहे. तेथे श्वास घेण्यास लागणारा प्राणवायू यंत्राने तयार करावा लागेल. हे केवळ स्वप्न नव्हे. अमेरिकेने मंगळावर पाठविलेल्या पर्सिव्हरन्स नावाच्या गाडीवर एक लहानसे यंत्र बसविले होते. त्याने २०२१ ते २०२३ या काळात तेथल्याच हवेतून थोडाथोडा प्राणवायू काढून दाखविला. सर्व मिळून तो सव्वाशे ग्रॅमही भरला नाही. तथापि वाट दिसली. दुसरी गोष्ट अंतराची. पृथ्वीवरून धाडलेला संदेश मंगळावर पोहोचण्यास, ग्रहांच्या स्थितीप्रमाणे, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि तेथे यान धाडण्यास सोयीचा योग सुमारे २६ महिन्यांनी एकदा येतो. म्हणजे तेथल्या माणसांस पृथ्वीवरून घडोघडी हुकूम सोडता येणार नाहीत, आणि कंटाळा आला म्हणून कोणास घरीही परतता येणार नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९६७ सालच्या अंतराळ कराराप्रमाणे चंद्र, मंगळ अगर कोणताही खगोल कोणत्याही राष्ट्रास आपल्या मालकीचा म्हणता येत नाही. मात्र ज्या राष्ट्राच्या दप्तरी यानाची नोंद झाली असेल, त्या राष्ट्राचा त्या यानावर व त्यातील माणसांवर अधिकार चालू राहतो. चार दिवसांच्या पाहुण्यास हे पुरे आहे. परंतु जेथे मुले जन्मास येतील, म्हातारे मरतील, भाऊबंदकी होईल आणि लग्ने जमतील, तेथल्या लोकांनी आपले राज्य आपण कसे चालवावे, याचे उत्तर त्या करारात नाही. तो कागद अद्याप कोराच आहे.

आता वर्गाकडे वळू. आठ दिवसांनी आलेले बहुतेक कागद सारखेच होते. निवडणूक घ्यावी, अध्यक्ष असावा, चोरास शिक्षा व्हावी, असे ते नियम होते. हवेचे यंत्र कोणाच्या ताब्यात असावे, या प्रश्नास जवळजवळ सर्व बाकांनी एकच उत्तर दिले होते, ते म्हणजे जो यंत्र जाणतो त्या इंजिनिअराच्या. फक्त एका बाकाने निराळे लिहिले होते. त्यातील एक मुलगी इंदापूर तालुक्यातून येते. तिच्या आजीचे मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेले आहे. तिने आपल्या कागदावर पहिलाच नियम असा लिहिला होता की, हवेची चावी ज्याच्या हाती, तोच राजा. म्हणून निवडणुकीच्या आधी चावीचे ठरवा.

हे वाक्य वाचून आम्ही चकित झालो. पण विचार केल्यावर ध्यानात आले की, ही गोष्ट आपल्या दोन तालुक्यांतील मुलास पुस्तकातून शिकावी लागत नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. तेव्हापासून बारामती व इंदापूर या भागांतील शेतकऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक झाली आहे, ती ही की, जमीन कोणाची हे सातबारा सांगतो, पण पीक कोणाचे हे पाणी सांगते. कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत, त्यास पाणी आधी व भरपूर मिळते. शेपटाशी ज्याचे शेत, तो रात्र रात्र चारीवर कंदील घेऊन वाट पाहतो. या भांडणावर उपाय म्हणून शेजपाळीची पद्धत आली. तीत शेतकऱ्याने पाण्याची मागणी नोंदवावयाची आणि शेजाऱ्यामागून शेजारी अशा क्रमाने प्रत्येकास पाळी मिळावयाची. पद्धत चांगली, पण पाळी देणारा हात एकच असला आणि त्यास विचारणारा कोणी नसला, म्हणजे कागदावरचा क्रम कागदावरच राहतो.

म्हणून २००५ साली महाराष्ट्राने केलेला एक कायदा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम' हे त्याचे लांबलचक नाव. या कायद्याने पाणी वाटण्याचे काम शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची सोय केली. त्यात एक खुबी आहे. संस्थेचे संचालक सरसकट निवडावयाचे नसून कालव्याचा वरचा, मधला व शेपटाकडील अशा तीन भागांतून सारख्या संख्येने निवडावयाचे, आणि अध्यक्षपदही या तीन भागांकडे आळीपाळीने जावयाचे. असे का? केवळ डोकी मोजली तर वरचे लोक एकत्र होऊन शेपटाकडील लोकांस कायमचे कोरडे ठेवू शकतात. बहुमत झाले म्हणून न्याय झाला असे होत नाही. ज्याच्यापर्यंत पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, त्याची खुर्ची आधी मांडली पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्याने ओळखले आहे. प्रत्येक ठिकाणी ते तसे अमलात आले, असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्व खरे आहे. मंगळावरील वसाहतीत प्राणवायूची नळी हाच कालवा, आणि तिच्या शेवटच्या टोकास जी कोठडी असेल तीच तेथली टेलची जमीन.

दुसरी अडचण अशी की, तेथून निघून जाता येणार नाही. मराठेशाहीत ओसाड गाव पुन्हा वसवावयाचे झाले म्हणजे सरकार रयतेस कौल देई. पहिल्या वर्षी सारा थोडा, पुढे वर्षानुवर्षे चढत जाणारा, यास इस्तावा म्हणत. रयतेस असे गोंजारण्याचे कारण उघड होते. जुलूम झाला तर कुणबी रातोरात बैल जुंपून दुसऱ्या मुलखात जाई आणि सरकारचे शेत पडीक राही. पाय हेच त्या काळी रयतेचे मत होते. मंगळावर ते मत नाही. जेथे पायाने मत देता येत नाही, तेथे तोंडाने व हाताने देण्याची सोय अधिक पक्की पाहिजे. आपल्या भागातील सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांस हे समजावून सांगावे लागणार नाही. सहकाराच्या कायद्याप्रमाणे कोणाचा एक शेअर असो की पन्नास असोत, मत प्रत्येकास एकच. पैशाचे वजन वेगळे व माणसाचे वजन वेगळे, हा भेद माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

तिसरी अडचण सर्वांत बिकट आहे, आणि ती म्हणजे संस्थापक. मंगळावर वसाहत आपोआप उगवणार नाही. कोणी राष्ट्र किंवा कोणी धनाढ्य कंपनी अपार पैसा खर्चून ती उभी करील. ती साहजिकच म्हणेल, "यान आमचे, यंत्र आमचे, मग हुकूम कोणाचा?" या प्रश्नास उत्तर शोधावयास आम्ही नीरा ओलांडून फलटणच्या दक्षिणेस, औंधास जावे असे सुचवितो.

औंध हे सातारा भागातील लहानसे संस्थान होते. त्यात ७२ गावे होती. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती, आणि मुलूखही एकसंध नसून तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते व स्वतः चित्रकार म्हणून प्रसिद्ध. नव्या वसाहतीचा त्यांस चांगला अनुभव होता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस कारखान्यासाठी कुंडलजवळ जागा त्यांनीच दिली. निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती वसाहत संस्थापकाच्या सचोटीवर चालली, व चांगली चालली. पण सचोटी वारसाहक्काने मिळतेच असे नाही, हे राजेसाहेबांस कदाचित स्वतःच्याच सिंहासनाकडे पाहून कळले असावे.

१९३८ च्या अखेरीस राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून नुकतेच परतले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर, जे पुढे भारतानंद या नावाने ओळखले गेले, त्यांस साह्य करीत होते. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीच्या २१ तारखेस ती अमलात आली. तिची रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची समिती व्हावयाची. आणि तालुक्यांतून राज्याची विधिसभा बनावयाची. न्यायदानही शक्य तितके गावाजवळ आणले गेले, म्हणजे कुळंब्यास एका दाव्यासाठी शिदोरी बांधून चार दिवस कचेरीच्या पायरीवर बसावे लागू नये. देशास स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी आठ वर्षे एका राजाने आपण होऊन हे केले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच सुमारास आटपाडीजवळ आणखी एक वसाहत झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांस तेथे भिंतीवाचून, आपल्या बायकामुलांसह, शेती करून राहू दिले गेले. कुलुपाचे काम विश्वासाने होईल काय, अशी ती परीक्षा होती. ही वसाहत पुढेही टिकली, आणि व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे तिची कल्पना जगभर पोहोचली. १९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याची घटनाही इतिहासजमा झाली. प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. यावर कोणी म्हणेल की, राजा चांगला होता म्हणून हे घडले. प्रत्येक वसाहतीस असा राजा कोठून आणावा? आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच औंधाचा धडा 'चांगला राजा शोधा' हा नव्हे. संस्थापकाने हाती सत्ता असतानाच ती केव्हा व कोणाच्या स्वाधीन करावयाची, हे लिहून ठेवावे, हा खरा धडा होय. मागितल्यावर दिलेली सत्ता भांडणाने मिळते. आधी लिहून दिलेली सत्ता सवयीने मिळते.

आता वर्गाच्या साह्याने शेवटी जे पाच नियम ठरले, ते येथे देतो.

पहिला : श्वासावर मतदान नाही. हवा, पाणी, अन्न व ऊब या चार गोष्टी गुन्हेगारासही नाकारता येऊ नयेत. मग बहुमत कितीही मोठे असो. आपल्या देशातही १९७५ च्या आणीबाणीनंतर, १९७८ साली झालेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरविले की, आणीबाणीतही जीविताच्या हक्काचे संरक्षण स्थगित करता येणार नाही. हा धडा आपण महाग दराने घेतला आहे. मंगळावरील लोकांनी तो फुकट घ्यावा.

दुसरा : चावी एका हाती नसावी. यंत्र चालवील इंजिनिअर, पण त्यास जाब विचारील निवडलेली समिती. तिच्यात नळीच्या मुखाकडील, मधल्या व टोकाकडील वस्तीचे लोक सारख्या संख्येने असावेत, आणि कोणास किती हवा व किती पाणी गेले याची वही कोणासही केव्हाही पाहता यावी.

तिसरा : प्रत्येक प्रौढ माणसास एकच मत. प्रथम आलेल्यास दोन व मागून आलेल्यास अर्धे, असा हिशेब नसावा.

चौथा : संकटकाळी हुकूम एकाचा, पण मुदतीचा. एका मुलाने विचारले, "पंप फुटला तर सभा भरवीत बसावयाचे काय?" नाही. तेव्हा नावेचा तांडेल सांगेल तेच करावयाचे. पण ठरलेल्या दिवशी त्याचा अधिकार आपोआप संपला पाहिजे. तो वाढवावयाचा तर पुन्हा सर्वांस विचारले पाहिजे, आणि संकट टळल्यावर त्याने सर्व कृत्यांचा हिशेब दिला पाहिजे.

पाचवा : संस्थापकाच्या निवृत्तीची तारीख पहिल्याच कागदावर लिहिलेली असावी. त्याने घातलेला पैसा हे कर्ज समजून वसाहतीने फेडावे. परंतु कर्ज फेडणे निराळे व आज्ञा पाळणे निराळे.

हे नियम फळ्यावर लिहून झाल्यावर आम्ही त्या इंदापूरच्या मुलीस उभे केले आणि विचारले की, तुला चावीचा मुद्दा सुचला कसा? ती म्हणाली, "सर, आजी सांगते. धरण झाले तेव्हा आम्हांला नवे गावठाण मिळाले, घरासाठी जागा मिळाली. पण विहीर कोठे काढायची, रस्ता कोठून न्यायचा, हे कोणी विचारलेच नाही. विहीर निघाली ती एका टोकाला, आणि आमचे घर दुसऱ्या टोकाला. आजीच्या डोक्यावर हंडा वीस वर्षे राहिला." वर्ग स्तब्ध झाला. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि लोक मौजेने ते पाहावयास जातात. ती आजीही जाते. पण ती देवळाकडे न पाहता आपली जुनी विहीर कोठे होती ते शोधते, असे त्या मुलीने सांगितले. नवी वसाहत आखताना माणसांस जागा दिली म्हणजे संपले, असे समजणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. घर मिळणे व विचारले जाणे या दोन वस्तू आहेत. पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही.

येथे हा लेख संपावयास हरकत नव्हती. पण त्याच तासाच्या शेवटी, ज्याने प्रथम राजाचा प्रश्न विचारला होता तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. तो म्हणाला, "सर, मग आमच्या वर्गाचा मॉनिटर तुम्ही का नेमता? आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात का असते?"

आम्ही खरे सांगतो, आम्हांस राग आला. ती किल्ली वीस वर्षे आमच्या खिशात आहे. पुस्तके हरवू नयेत, फाटू नयेत, हाच आमचा हेतू. आणि हेतू चांगला असल्यामुळे, हीही एक सत्ता आहे हे आमच्या कधी मनातच आले नाही. औंधच्या राजाची आम्ही पाऊण तास वाखाणणी केली होती. पण आपली लहानशी गादी सोडावयाची वेळ आली तेव्हा आम्हांस पुष्कळ सबबी सुचल्या. मुले लहान आहेत, बेशिस्त होतील, आधी योग्यता येऊ द्या, अशा त्या सबबी होत्या. मग ध्यानात आले की, प्रत्येक संस्थापक हेच म्हणत असावा. चंद्रावरचा असो वा मंगळावरचा, तोही याच शब्दांत म्हणेल. योग्यता किल्ली हाती आल्यावाचून येत नाही, हे पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही यासारखेच आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, घरीही अशी एखादी किल्ली मुलांच्या हाती देऊन पाहावी, मग ती धान्याच्या हिशेबाची असो, महिन्याच्या खर्चाच्या वहीची असो, की मोटारीच्या पाळीची असो. आणि ती त्यांनी मागण्यापूर्वी द्यावी.

पुढच्या सोमवारी वर्गाने गुप्त मतदानाने आपला मॉनिटर निवडला. कपाटाची किल्ली दोन विद्यार्थ्यांकडे गेली. त्यांतील एक पुढच्या बाकावरचा व एक मागच्या बाकावरचा असावा, असा नियम मुलांनीच केला. मुदत एका सत्राची. त्या सत्रात कपाटातून जितकी पुस्तके बाहेर गेली तितकी पूर्वीच्या दोन वर्षांत गेली नव्हती. दोन पुस्तके अद्याप परत आलेली नाहीत. त्यांचा शोध वर्गसभेत चालू आहे, आणि त्या सभेत आम्हांसही एकच मत आहे.